दुधाच्या कॅनचं झाकण

संगीतोपचार शिकून नव्याने कामाला लागलेली मुलं मला विचारतात, "सर, म्हातारी माणसं आणि लेकरं एकत्र बसणार असतील, तर साधनं कोणती न्यावीत?" मी सांगतो, दुधाच्या कॅनचं झाकण. त्यांना वाटतं, सर विनोद करतायत. विनोद झाला होता खरा, पण तो माझा झाला होता.

घाटनांदूरजवळच्या एका गावात मी दर मंगळवारी जायचो. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. कोयता धरता येईल असा प्रत्येक माणूस ऊसतोडीला गेलेला. गावात उरले म्हातारे आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडं. सावली आणि फरशी दोन्ही असलेली जागा एकच, दूध संस्थेची खोली. माझ्याकडे पुण्याहून आणलेला सरंजाम होता: कीबोर्ड, सात रंगांच्या सात घंट्या, चित्रांची कार्डं आणि हे सगळं कसं वापरायचं याची एक फाईल. ती मी अशी छातीशी धरून यायचो, की लोकांना वाटायचं, अनुदान आलं.

माझा सगळा डोळा एका म्हाताऱ्यावर होता. अर्धांगवायूनं त्याची वाचा गेलेली. त्याची सहा वर्षांची नात रोज त्याच्या गुडघ्याला लोंबकळायची, "आज्या, मला हाक मार की!" तो नुसता बघायचा. याला मी बोलता करणार, मीच करणार, असं मी ठरवलं होतं. बायकोला सांगूनही बसलो होतो.

आडवा आला सचिव. संस्थेचा सचिव म्हणजे दूध मापणारा, फॅट बघणारा, खोली झाडणारा, सगळं तोच. दुष्काळात दूध ते कितीसं? एक कॅन. सकाळी टेम्पो भरलेला कॅन न्यायचा, रिकामा ठेवून जायचा, की हा दिवसभर मोकळा. मग रिकाम्या कॅनचं जड झाकण मांडीवर घेऊन माझ्या वर्गातच बोटांनी वाजवत बसायचा. थोडा वेळ ठोका, मग थांबा. पुन्हा ठोका. आणि त्या ठेक्यावर म्हाताऱ्याचा चांगला पाय पुढंमागं सरकायचा! माझ्या सात घंट्यांनी त्याची पापणीसुद्धा हलली नव्हती.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं.

"शिकायचं काय ओ सर त्यात? आमचा बाप आन् हे म्हातारबा संगटच मोट हाकायचे. मोट वर येईस्तोर चालायचं, पाणी पडंस्तोर थांबायचं. तेच हाय."

"छान," मी म्हणालो. तो एक शब्द घशातून काढताना मला कोण कष्ट पडले. आठवडाभर घरी कीबोर्डवर तोच ठेका बसवत होतो. माझी मोट काही विहिरीतून वर आली नाही.

पुढच्या मंगळवारी एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमची पेटी जरा बंद करा की. झाकण ऐकू येईना."

एवढ्यात बाहेर टँकर आला. खोलीतलं सगळं गणगोत घागरी घेऊन पळालं, सचिवसुद्धा. उरलो मी, खुर्चीतला म्हातारा आणि ते झाकण. मी ते उचललं आणि कीबोर्डच्या पिशवीत सारलं. म्हातारा टक लावून बघत होता. मी मनात म्हटलं, बघेना का, हा कुणाला सांगणार?

पुढच्या मंगळवारी ते गुपचूप परत ठेवायचं ठरवून आलो, तर सचिव दारातच.

"सर, झाकण गेलं ओ कॅनचं! आठ दिस झाले, प्लॅस्टिक बांधून दूध धाडतोय. अर्धं रस्त्यावर सांडतंय, लोकं मला बोलायलेत. झाकणाला घेऊन कुणी काय करनार? कशापायी नेलं आसंल?"

"काय एकेक लोक असतात!" मी म्हणालो आणि जीभ टाळूला लावून चुकचुकलोही.

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. "चो…"

सगळे वळले. म्हाताऱ्यानं चांगला हात उचलला होता. बोट सरळ माझ्या पिशवीवर.

"चोट्टा!"

खणखणीत. मला वाटलं, आता मार बसतो. पण चोर कोण याच्याशी कुणाला देणंघेणंच नव्हतं. "आजा बोलला! आजा बोलला!" करत नात उड्या मारायला लागली. म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावायला लागल्या. पोरगी धावत जाऊन त्याच्या गुडघ्याला बिलगली, "आता मला हाक मार, आज्या!"

त्यानं तिच्याकडं बघितलं. तोंड वाकडं झालं, ओठ लटलटले. मग म्हणाला, "चोट्टे!"

जन्मात कुणी इतकं खूश झालेलं मी बघितलं नाही.

मी मान खाली घालून झाकण काढलं आणि सचिवाच्या हातात दिलं. तो रागवेल म्हणून वाट बघत राहिलो. तो झाकणाकडं बघतच नव्हता, म्हाताऱ्याकडं बघत होता.

"पाच म्हैने बडवतोय मी, सर," तो हळूच म्हणाला. "मला एक साधी शिवी न्हाई दिली कधी. आन् तुमाला दिली."

त्याचा चेहरा मला चांगलाच ओळखीचा होता. आठवडाभर आरशात तोच बघत होतो.