धामणीने नेलेली पँट

वेवजी गावच्या लाडकीकाकीला शाळा ठाऊक नव्हती, पण धामण शेपटीपर्यंत ठाऊक होती. तिच्या भाताच्या कणगीखाली एक राहायची, साडेसहा फुटांची. नाव बाईचं, पण होता तो नर. विष नाही, दिवसाढवळ्या फिरणार, उंदीर दिसला की गट्ट. तो आल्यापासून कणगीतलं भात काकीच्याच पोटात जात होतं.

शेजारच्या विनोदची म्हैस आटली, तसा तो कुंपणाशी आला. “काकी, तुझी धामणच दूध पिते. पायांना वेढा घालून.”

“तिचे दात सुईसारखे, आत वळलेले. तोंड लावलं तर तुझी म्हैस तलासरीला जाऊन थांबेल.”

“ते मला नको सांगूस. दिसली की ठेचणार.”

मेच्या अखेरीस एका सकाळी विनोद वाणगावला मुलगी बघायला निघाला. शर्ट मित्राचा, पँट मात्र उंबरगावहून आणलेली, नवी कोरी. कुंपणापाशी बघतो तर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून कंबरेएवढ्या उभ्या. त्याने काठी उचलली. मग आजीचं बोलणं आठवलं: सापांच्या जोडीवर नवं कापड टाकलं की घरात लक्ष्मी येते. काठी खाली पडली. नवं कापड अंगावर एकच होतं.

पँट उडाली. एक साप करवंदीत पळाला. दुसरा पँटच्या पायात शिरला आणि तिला ओढत थेट कणगीखाली गेला. विनोद चड्डीवर, हात जोडून.

“काकी, नवरा-बायकोच ना गं?” त्याने अंगणातून बघणाऱ्या काकीला विचारलं.

काकी अडकली. दोघेही नर. मादी पलीकडे पेंढ्यात निवांत पडलेली, तिच्यापायी दरवर्षी या दिवसांत हे असंच. चावत नाहीत, नुसतं एकमेकांचं डोकं खाली दाबतात. पण खरं सांगावं तर काठी अजून विनोदच्या पायाशीच. आणि खोटं काकी कोंबडीशीही बोलायची नाही.

“संसारासाठीच चाललं होतं त्यांचं,” ती म्हणाली. “जरा जोरात.”

“म्हणजे नवरा-बायकोच.” विनोदने काठी उचलून काकीच्या चुलीत सारली, काकांची ढगळ पँट मागून घेतली आणि दोरीने आवळून वाणगावला गेला.

आता गावात कुणी कणगीकडे काठी घेऊन वळलं, तर विनोदच आडवा येतो. म्हणतो, “आत माझी पँट आहे.”