पन्नास डॉलरांत ट्राउट

चाळीस वर्षं मी सेनेका सरोवराच्या काठावर मासेमारीचं सामान विकतोय, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालण्यात मला तोड नाही. थेल्मा व्हॅन ऑर्डननं मात्र माझी पार जिरवली. आणि ते सांगताना माझीच छाती फुगते, आता काय करता!

थेल्मा शाळेत स्वयंपाकीण होती. तिचा नवरा मर्ल म्हणजे तांब्याच्या तारेला गळ बांधून सरोवरातला ट्राउट मासा धरण्यात गावात पहिला. दर मे महिन्यातल्या मासेमारीच्या स्पर्धेत माझ्या वजनकाट्यावर त्याचा मासा चढायचाच. होडी कोण हाकायचं? थेल्मा. तीस वर्षं. तिला कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

मर्ल गेला. मुलगा रसेल रॉचेस्टरहून आला, बापाचं सामान परस्पर विकून मोकळा झाला आणि होडीलाही गिऱ्हाईक बघायला लागला.

"आई, मासे बाबा धरायचे. तू नुसती मागे बसून असायचीस."

"बसून?" थेल्मा कडाडली. "या स्पर्धेत माझ्या नावावर एक मासा लागला नाही, तर वीक होडी. लागला, तर पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही!"

रसेल हसत कबूल झाला.

दुसऱ्याच दिवशी ती पन्नास डॉलर घेऊन माझ्या दुकानात. मी सवयीनं पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा काढला, गळ खोल सोडणारं विजेचं यंत्र काढलं.

"केवढ्याला?"

"दोन्ही मिळून नऊशे."

"लेलँड, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तळ लागला की तार हाताला सांगते. वेग मला इंजिनाच्या आवाजावरून कळतो."

"आणि सॅमन माशाला?"

"तो या दिवसांत वरच्या पाण्यात फिरतो. त्याला माझी जुनी काठी नि साधी दोरी बस्स. ट्राउट तळाशी लोळतो, त्याच्यासाठी तार दे."

तार घेतली. गळ मात्र दुकानातले सगळ्यांत महाग निवडले. मी म्हटलं, इथे बरा हात सैल सुटला! "अरे, मासा लटकतो तो गळाला. तिथं चिक्कूपणा करायला मी काय खुळी आहे?" वर चार डॉलर सुटे परत मागितले बाईनं.

माशाला भुलवायचे, गळाजवळ चकाकणारे चमचे तिनं दाराच्या पितळी पत्र्यातून स्वतः ठोकले. चर्चच्या जुन्या बाजारातून चावीचा ग्रामोफोन आणला आणि तबकडीच्या जागी चाक बसवलं. चावी दिली की तार आपोआप गुंडाळली जाते. आमची जुनी माणसं असंच करायची. धक्क्यावरची पोरं म्हणाली, "थेल्मा आजी, गाणं ऐकवणार का माशांना?" ती म्हणाली, "तुमच्या तोंडापेक्षा बरंच वाजेल."

स्पर्धेच्या सकाळी रसेल खात्री करायला होडीत बसला. आधी सुकाणू त्याच्याकडे. तीनदा तार तळाच्या दगडांत अडकली, एक चमचा गेला.

"अरे मेल्या, हळू! शर्यत आहे का? सरक तिकडे!" थेल्मानं त्याच्या हातात तार कोंबली आणि सुकाणू घेतलं. इंजिनाचा सूर उतरवला, किनाऱ्यालगत पाण्याखालचा उतार धरून होडी अशी नेली, की चमचा तळाला टेकत टेकत चालला. दहा मिनिटांत रसेलच्या हाताला जबर हिसका बसला.

दुपारी तो मासा माझ्या काट्यावर आला. सव्वाअकरा पौंड! गर्दी जमली. लोक रसेलची पाठ थोपटत होते. "बापाचा हात आलाय हो पोराला!"

आमचा नियम सरळ आहे. तार ज्याच्या हातात, नाव त्याचं. म्हणजे थेल्माची पैज अजून बाकीच. संध्याकाळपर्यंत वेळ होता, पण तिच्याकडे एकच चमचा उरला होता आणि वारा सुटला होता. मी वहीत 'रसेल' लिहायला घेतलं.

त्यानं माझा हात धरला.

"काका, थांबा. आईचं नाव लिहा."

"तार तुझ्या हातात होती ना?"

"मी नुसती ओढली. मासा तिनं धरला." मग मान खाली घालून म्हणाला, "बाबांचे पण तिनंच धरले असणार."

मी नियम बाजूला ठेवला आणि थेल्माचं नाव लिहिलं. ज्याला तक्रार करायची त्यानं खुशाल करावी!

थेल्मानं नाक शिंकरलं आणि मुलाकडे वळली. "चल, होडीत बस. अजून सॅमन राहिलाय."