आत्याबाईंचं वजन आणि माझी पावडर

आहाराच्या जोरावर मी आजवर घरातल्या एकाच माणसाचं वजन बदललं आहे, आणि तेही वरच्या दिशेनं.

अठ्ठ्याण्णव साल असेल. मी कळंबची. डिंगोऱ्यात सून म्हणून आले, ती गृहविज्ञानाची पदवी मिरवतच. नारायणगावच्या एका दवाखान्यात रुग्णांना आहार सांगायला बाई हवी होती, आणि माझं नाव तिथं ठरल्यात जमा होतं. ती नोकरी मला इतकी हवी होती की स्वप्नातही मी कॅलरी मोजायचे. अडलं होतं सासूबाईंपाशी. (त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.) त्यांचे गुडघे दुखायचे आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं.

"एवढी शिकलीयास ना, मग माझं वजन उतरव," त्या म्हणाल्या. "महिन्यात उतरलं तर जा नोकरीला. न्हाई तर गोठा हायेच."

लगेच शेजारच्या भाऊंच्या कांद्याच्या काट्यावर त्यांचं वजन केलं आणि मी वही घेऊन बसले. रात्रीच्या जेवणाऐवजी घ्यायची पावडर! नाचणी, भाजलेलं सोयाबीन, मूग, जवस. दूध नाही, तूप नाही, सगळं शेतातलं. प्रथिनं किती, लोह किती, ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब केला. पाण्यात कालवून पेलाभर घेतलं की झालं जेवण.

आत्याबाईंनी पहिला पेला संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हां. आता वाढ."

"काय वाढू?"

"भाकरी."

"अहो, हेच जेवण होतं."

"पिलं ते पिलं. भाकरी मोडली न्हाई, तर जेवले कवा मी?"

मी म्हटलं, पावडर आवडायला लागली की भाकरी आपोआप सुटेल. (शिकलेल्या माणसाची अक्कल!) म्हणून चव सुधारायला घेतली. कडू लागते म्हणाल्या, गूळ घातला. जवसाचा वास येतो म्हणाल्या, जायफळ घातलं. नुसतं पीठ पीठ लागतं म्हणाल्या, खारीक-खोबरं घातलं. दर वेळी वहीत पोषणमूल्य नव्यानं मांडलं आणि ते दर वेळी वाढत गेलं, याचा मला कोण अभिमान! भाकरी काही सुटली नाही.

तिसऱ्या आठवड्यात, कालवताना पावडर उडून ठसका लागतो म्हणून आत्याबाईंनी स्वतःच तिच्यात तूप ओतलं आणि लाडू वळले. आमच्या ह्यांनी एक तोंडात टाकला.

"झकास झालेत. पण घरात बाळंतीण कोण हाय?"

मी वही उघडून पाहिली. कॉलेजात एवढी वर्षं घासून मी बाळंतिणीचे लाडू शोधून काढले होते.

महिना भरला. पुन्हा भाऊंचा काटा. आत्याबाई वर चढल्या.

"काकू, आधी गोणी खाली ठेवा," भाऊ म्हणाले.

"कसली गोणी? रिकामीच हाय मी."

"मग साडेचार किलो वर हाय."

कांदा भरायला आलेल्या साऱ्या माणसांनी हे ऐकलं. माझ्या पावडरीची खबर गावभर झालेलीच होती. "लई भारी पावडर, राव," त्यातला एक म्हणाला. "आमच्या म्हशीला चालंल का?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. संध्याकाळी गोठ्यात शेण काढत होते आणि डोळे पुसत होते. गेली नोकरी. तेवढ्यात आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सोमवारपास्नं जा तू नोकरीला."

"पण वजन कुठं उतरलं?"

"म्हणूनच म्हणते. तू घरात ऱ्हायलीस तर मला उचलायला ट्रॅक्टर लागंल. तिथं निदान डागदर असत्यात. तुला कुनी तरी आवरंल."

मी मान खाली घालून "बरं" म्हणाले, आणि सोमवारी पहिल्या एसटीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.