मामांच्या ड्रमची दुरुस्ती

जगातली सगळी काळजी एका माणसाच्या पदरात टाकली असती, तर आमच्या मामासासऱ्यांनी पदर पसरून आणखी थोडी मागितली असती. लिंबायतमध्ये ते आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतून रिक्षा परत फिरवतात, आणि गॅस बंद दिसला तर नळी तपासत बसतात. चलथाणला लग्नाला निघालो, तर उसाच्या ट्रॉलीमागे गाडी राहू देत नाहीत, ऊस अंगावर पडेल म्हणतात. पुढेही काढू देत नाहीत, ट्रॉलीच पडेल म्हणतात. अक्षता आम्हाला कधी मिळत नाहीत, आम्ही थेट पंगतीला पोहोचतो.

या काळजीचा मोठा वाटा एका ड्रमला जायचा. तरुणपणी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंगमधली पाळी सुटली की मामा लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. कमरेला अडकवायचा, खाली तारा ताणलेला पितळी साइड ड्रम. म्हाताऱ्या बँडमालकाने दिला तेव्हाच तो जुना होता, आणि मामांनी त्याचे जे हाल केले ते शत्रूने केले नसते. वरातीत चमकावा म्हणून भोकं पाडून आत बल्ब बसवले. मूळच्या तारा तुटल्या, तेव्हा मामी कामाला जायच्या त्या लूमच्या खात्यातून त्यांनी आणलेल्या, मागातल्या मोडक्या फणीच्या तारा लावल्या. त्यानंतर तो असा करकरायचा, की घोडा नवरदेवासकट बाजूला व्हायचा.

मामींची उभी हयात त्या लूमच्या खडखडाटात गेली आणि कान हळूहळू मिटत गेले. हाक पोहोचेना, फोन पोहोचेना, पण ड्रमची करकर तेवढी पोहोचायची. म्हणून मामा घरातल्या घरात ड्रमनेच बोलवायचे. एक थाप म्हणजे चहा, सलग वाजवलं म्हणजे पाहुणे. आम्ही जिन्यात असतानाच वाजायला लागायचं आणि आतून मामी म्हणायच्या, "या जावईबापू."

गेल्या दिवाळीनंतर थाप पडली तरी मामी येईनाशा झाल्या. मामांनी निदान केलं, ड्रम बिघडला. "जावईबापू, तेना आवाज बसी ग्या," ते म्हणाले.

मग आमची वणवण सुरू झाली. बल्ब काढले. भांड्यांना डाग देणाऱ्याकडून भोकं बुजवून घेतली. चामडं बदललं, गंजलेले पेच बदलले. दुकानदार नव्या तारा लावा म्हणाला, तर मामा त्याच्यावर उखडले. फणीच्याच तारा घासून, सरळ करून पुन्हा बसवल्या, कारण मामींच्या कानांना त्याच ओळखीच्या. पण ड्रम होत आला तसे मामा जास्तच घाबरे होत गेले. आज डाग पक्का होऊ द्या, उद्या हवा दमट आहे. वाजवून बघायचं नाव नाही. मी म्हणालो, "मामींना एकदा डॉक्टरकडे नेऊ या." ते म्हणाले, "आधी ड्रम होऊ द्या." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ड्रम बिघडलेला होता तोवर दोष ड्रमचा होता. तो नीट झाला, तर दोष मामींच्या कानांचा ठरणार होता.

शेवटी एका रविवारी सकाळीच त्यांनी काड्या हातात घेतल्या. मामी पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. थाप अशी खणखणीत पडली, की समोरच्या घरातून कोणीतरी खिडकी उघडून बघितलं. मामी तांदूळ निवडत राहिल्या. मामांनी पुन्हा वाजवलं, मग आणखी जोरात, मग थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

"एक तार अजून ढिली शे ना?"

"शे, जराशी," मी म्हणालो.

मामा ड्रम घेऊन उठले, मामींच्या पुढ्यात जाऊन बसले आणि वाजवू लागले. मामींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "झाया का दुरुस्त? हळू वाजाडा, गल्ली जागी व्हई."

मामांनी लगेच हात हलका केला. आता ते रोज सकाळी तसेच समोर बसून वाजवतात, इतकं हळू की दारात उभं राहून मलासुद्धा काही ऐकू येत नाही. मामी मात्र मान डोलावतात, आणि आवाज पहिल्यासारखा झाला म्हणतात.