वरच्या खोलीतले सरदार

आप्पाकाका जेवायला बसले की आधी वरणात बोट बुडवून चाखायचे आणि म्हणायचे, “सिंधू, मस्त झालंय हं. शेवटी रक्तातच आहे तुझ्या.” हे कौतुक नव्हतं. आईचे वडील लग्नकार्यांत आचारी होते, याची ही रोज दोन वेळची आठवण होती. आई पोळी वाढायची.

आप्पाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बँकेतून रिटायर झालेले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. वडील गेल्यावरही ते माधव नगरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहिले, आईच्या हातचंच खात राहिले, आणि आव असा की उपकार तेच करताहेत! गॅसवाला आला तरी त्याला ऐकवायचे, “हम कोई ऐरे-गैरे नहीं हैं, भैया. सरकार की फौज के साथ आए हैं.” सरकार म्हणजे इथले जुने मराठा संस्थानिक. पुरावा काय, तर टावर चौकातून आणलेली शोभेची तलवार. तिला धारही नव्हती.

मग वंशावळ छापायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. आईनं मला हळूच विचारलं, “माझंही नाव येईल ना गं त्यात? यांच्या शेजारी?” तिनं आयुष्यात स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मूळ पुरुष शोधायला मी काकांना स्कूटरवर बसवून नदीकाठच्या सिद्धवटावर नेलं. तिथल्या पंडितांच्या बह्यांत घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. पंडितजींनी आमची बही उघडली, बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, “गणोबा, आचारी. दक्खन से फौज के साथ आए.”

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “दूसरी बही देखिए, महाराज.”

“दूसरी नहीं है. देखिए, आपके दादाजी के दस्तखत हैं नीचे.”

परत येताना काका पाठीमागून म्हणाले, “घरी बोलायचं नाही. तुझं स्थळ बघतोय आपण.”

महिन्याभरात फ्रीगंजच्या प्रेसमधून पुस्तिका छापून आल्या. पहिल्या पानावर ‘सरदार गणोजीराव’, आणि आत माझ्या वडिलांच्या नावाशेजारची जागा कोरी. आईनं चष्मा पुसून दोनदा पानं उलटली. काका म्हणाले, “ज्यांचं कुळ लिहिण्यासारखं नाही, त्यांना छापून कशाला लाजवायचं?” काय निर्लज्ज माणूस! स्वतः आचाऱ्याचा वंशज, आचाऱ्याच्या लेकीनं वाढलेलं गिळत तिलाच हिणवत होता. आणि मी? मी गप्प बसले. माझ्या बायोडाटावर ‘सरदार घराणं’ टाइप झालं होतं, आणि खरं सांगते, ते मला वाचायला आवडत होतं.

काका गेल्या वर्षी गेले. शेवटच्या दिवशीही वरण अळणी झाल्याची तक्रार होतीच. मला रडू आलं नाही. आई मात्र रडली.

तेरावं झाल्यावर त्यांचं नाव बहीत चढवायला आई आणि मी सिद्धवटावर गेलो. पंडितजी तेच. त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली, “गणोबा, आचारी...”

आईनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्या वडिलांच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, “महाराज, इनके बाजू में मेरा नाम लिखो. सिंधू. और मेरे पिताजी का भी लिखो. वो भी आचारी थे.”

पंडितजी लिहू लागले. लिहिता लिहिता माझ्याकडे बघून हसले. “बिटिया तो पहले भी आई थी ना, ताऊजी को लेकर?”

आई माझ्याकडे वळली. “तुला ठाऊक होतं?”

मी मान खाली घातली.

घरी आल्यावर तिनं नेहमीसारखं माझं पान वाढलं. मी वरणभाताचा पहिला घास घेतला. वरण छान झालं होतं. तसं तोंडानं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.