लेकीचं सुख सुकापूरला

लेकीला पहिल्यांदा सुकापूरच्या विशेष मुलांच्या सेंटरमध्ये नेलं, तेव्हा तिथल्या ताईने विचारलं, "काकू, हिला काय छान जमतं? कशात रमते ही?" ताई म्हणजे माझ्या लेकीहून लहान दिसणारी मुलगी. असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लेकीला ऑटिझम आहे हे कळल्यापासून डॉक्टरांपुढे, शाळांपुढे, अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत मी एकच पाढा म्हणत आले होते. बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, गर्दी सहन होत नाही. तो मला झोपेतही म्हणता आला असता.

"मोड आलेले वाल सोलते," मी शेवटी म्हणाले. वाटलं, ही हसणार. तर ती म्हणाली, "मस्त! मग तिथूनच सुरू करू."

याला म्हणे पॉझिटिव्ह सायकॉलॉजी म्हणतात. माणसाचं काय बिघडलंय ते उगाळत बसायचं नाही, जे चांगलं चाललंय ते धरून पुढे जायचं. म्हटलं, बरं बाई, आता सुखाचंही शास्त्र निघालं. मनातल्या मनात नाक मुरडून घेतलं.

पण वालांचं खरं होतं. नवरा गेल्यापासून पनवेलच्या आमच्या घरातल्या कितीतरी दुपारी त्यातच गेल्या होत्या. मधे परात, कोमट पाण्यात वाल, समोरासमोर आम्ही दोघी. चिमटीत दाबला की वाल टरफलातून सुळकन बाहेर येतो. त्या सुळकन येण्याला ती दर वेळी नव्याने हसायची आणि तिच्याकडे बघून मी.

सेंटरमध्ये तिला तेच काम दिलं. नवीन पनवेलच्या नोकरदार बायका सोललेले वाल बिरड्यासाठी न्यायला येऊ लागल्या. लेकीचं नखं कुरतडणं थांबलं, रात्रीची झोप लागू लागली. मला आनंद झाला, का होणार नाही? पण एका सुट्टीच्या दिवशी मी घरी वाल भिजवले, तर तिने परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "सेंटर." तेवढाच शब्द. ते वाल मी एकटीने सोलले. राग आला होता आणि तो ज्याच्यावर काढावा असं घरात कुणी नव्हतं.

मग सेंटरने वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांची राहायची सोय केली. माझ्यानंतर हिचं काय, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं देवापुढे मांडला होता, त्यामुळे नाही म्हणायला तोंडच नव्हतं. आधी चाचणी म्हणून एक महिना ती तिथे राहिली. पुढे राहायचं की घरी यायचं, हे तिचं तिनेच ठरवायचं, असा ताईचा हट्ट. लेकीपुढे दोन फोटो ठेवायचे ठरले, एक आमच्या घराचा आणि एक वरच्या खोलीचा.

त्या दिवशी मी मुद्दाम मऊ पिवळी साडी नेसून गेले. तिच्यावरून हात फिरवायला लेकीला फार आवडतं. लाच म्हणा हवं तर. मला ती घरी हवी होती.

तिने पदरावरून बराच वेळ हात फिरवला. मग खोलीच्या फोटोवर बोट ठेवलं. ताईने फोटोंच्या जागा बदलून पुन्हा विचारलं. बोट पुन्हा खोलीवरच. निदान थोडी घुटमळेल असं मला वाटलं होतं.

जेवण करणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "पोरगी मजेत हाय. तुमी नका रडू." मी म्हटलं, "रडत नाहीये." आणि डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात मी कुकर माळ्यावरून खाली काढला. लेकीला त्याची शिट्टी सहन व्हायची नाही, कान झाकून किंचाळायची. म्हणून इतकी वर्षं आमच्याकडे वरणभात पातेल्यातच शिजायचा. नवी रिंग आणली, कुकर घासला, डाळ-तांदूळ लावले. मोकळं वाटायला हवं होतं.

शिट्टी वाजली. हातातली कोथिंबीर टाकून मी धावले आणि गॅस बंद केला. तशीच आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि लेकीच्या रिकाम्या पलंगाला म्हणाले, "झालं हं बाळा, झालं."