चार बोटांचा टॉलरन्स

चाकणजवळच्या आमच्या गावातले माझे एक शेजारी कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासतात. घरीही त्यांच्या खिशात मोजपट्टी आणि लाल खडू असतो. मापातल्या क्षम्य फरकाला टॉलरन्स म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवले.

त्यांच्या धाकट्या चुलतभावाने नांगरताना सामाईक बांध कोरला, या रागाने त्यांनी बांधालगतच्या त्याच्या घराच्या खिडकीसमोर उंच पत्र्यांचे कुंपण घातले. भावाच्या स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लागू लागला. मी रदबदली केली, तेव्हा म्हणाले, "कंपनीत दोन मिलिमीटर चालत्यात, गुरुजी. बांधावर न्हाई."

परवा सरकारी मोजणी झाली आणि कुंपणच चार बोटे भावाच्या हद्दीत निघाले. जमलेले लोक हसू लागले. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे, दादा. टॉलरन्समंदी धर की! फकस्त खिडकीपुरता पत्रा काढ."

"माप म्हंजी माप," ते म्हणाले आणि सदोष मालावर मारतात तशी लाल फुली त्यांनी स्वतःच्याच पत्र्यावर मारली.

रविवारी त्यांनी कुंपण नेमके चार बोटे मागे घेतले. या सचोटीबद्दल मी त्यांचे अभिनंदन करणार, तोच त्यांनी वर आणखी एक पत्रा चढवला.